कित्ता हवाच, पण कीर्द कोण लिहिणार?

गेल्या हिवाळ्यात नाशकातल्या एका विद्यार्थी-चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलो होतो. पाहुणे म्हणून आलेले चित्रकार वयानंही मोठे आणि हातानंही. भाषण छोटं, पण ठाम. त्यांच्या बोलण्याचा सारांश असा: नवशिक्यांच्या हातात स्केचबुक द्यायचं हल्ली फॅड आलंय. ज्याला रेघ धड येत नाही त्यानं वह्या भरून काय होणार? चुका पक्क्या होतात, हात बिघडतो. आधी गुरूसमोर बसून पाया घाला, वही नंतर. आजच्या वह्या तर मिरवण्यासाठीच असतात. आणि संदर्भच हवा असेल तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो काढा.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, कारण माणूस आदराचा. जिना उतरताना मात्र पुढे चाललेल्या एका आईचं बोलणं कानावर पडलं, “बरं झालं सर बोलले. आमचा नुसत्या वह्या खराब करत बसतो.” तिच्या बोटाला धरून चाललेला मुलगा काही बोलला नाही. तेव्हा वाटलं, आपली टाळी परत घ्यायला हवी.

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सरांचं म्हणणं मला नवं नाही. नोकरीची पहिली काही वर्षं मीही मुलांना हेच ऐकवत असे. म्हणून त्याची टिंगल करणार नाही. मुद्दे एकेक करून घेतो, आणि सुरुवात सगळ्यात भक्कम मुद्द्यापासून करतो.

हा मुद्दा गाण्यातून आलेला आहे. गुरूशिवाय रियाज करू नये, चुकीचा सूर घोटला की तो गळ्यात बसतो आणि मग काढता निघत नाही, असं गाण्यातली माणसं सांगतात. चित्राचंही तसंच, असं सरांचं म्हणणं. ऐकताना पटतं. पण गळा आणि कागद यांत फरक आहे. लावलेला सूर त्याच क्षणी विरतो. तो बेसूर होता हे सांगायला तयार कानाचा दुसरा माणूस लागतो. ओढलेली रेघ कागदावर बसून राहते, आणि जी वस्तू पाहून ती ओढली तीही बहुतेक वेळा जागची हलत नाही. दोघींना समोरासमोर आणून केव्हाही जाब विचारता येतो. आज, उद्या, महिन्यानं. गुरुजी घरी गेल्यावरसुद्धा.

नारोशंकराची घंटा घ्या. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ही घंटा गोदाकाठच्या रामेश्वराच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नारोशंकराच्या देवळाला दर्शनी बाजूस उंचावर टांगलेली आहे. देऊळ १७४७ सालचं. खणखणीत आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची पद्धत तिच्यावरूनच पडली. मुलांना घेऊन मी तिच्यासमोर बसलो की पहिल्या दिवशी बहुतेकांची घंटा एकाच जागी चुकते. खालची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ येते. घंटा जमिनीवर ठेवली तर सपाट बसेल हे त्यांना ठाऊक असतं, आणि नवशिक्याचा हात डोळ्यांना दिसतं ते सोडून डोक्याला ठाऊक असलेलं काढतो. दुसऱ्या खेपेला काहींची कड वळते, पण उलटी, घरातल्या हंड्याच्या तोंडासारखी. जमिनीवरचा हंडा आपण वरून पाहतो, म्हणून त्याच्या तोंडाची जवळची कड खाली झुकते. डोक्यावरची घंटा खालून पाहतो, म्हणून तिची जवळची कड कमानीसारखी वर चढते. हे मी फळ्यावर दहादा काढून दाखवलेलं असतं. तेवढ्यानं ते कुणाच्या हातात उतरत नाही. तिसऱ्या खेपेला एखादा मुलगा वहीतली मागची दोन पानं उलटतो, घंटेकडे पाहतो, पुन्हा वहीत पाहतो, आणि म्हणतो, “सर, माझी उलटी आलीय.”

त्याला हे कळलं कशामुळे? चुकलेली दोन पानं शाबूत होती म्हणून. सुट्या कागदांवर काढलं असतं तर ती केव्हाच चुरगळून टोपलीत गेली असती, आणि तीच चूक तो पुन्हा नव्यानं करत राहिला असता. चुका पक्क्या होतात त्या अशा, माग न ठेवता केल्यामुळे.

जुन्या पेठांमधल्या दुकानांत हिशेबाच्या दोन वह्या असत. एक कीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत रोजचा व्यवहार घडेल तसा, घडेल त्या क्रमानं लिहायचा. खतावणीत तोच खातेवार, नीटनेटका मांडायचा. कीर्दीचं पान कुणी फाडत नाही. आकडा चुकला तर त्यावर रेघ मारून पुढे लिहितात, कारण चूक कुठं झाली हाही हिशेबाचाच भाग असतो. स्केचबुक ही चित्रकाराची कीर्द. काचेच्या फ्रेममध्ये जातं ती खतावणी. सरांचा सल्ला असा की नवशिक्यानं आधी सुबक खतावणी लिहायला शिकावं, कीर्दीचं पुढे बघू. पण खतावणीत उतरवायचं काय? दुसऱ्याच्या दुकानाचा हिशेब?

अतिशयोक्ती वाटत असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी कशी चालते ते पाहा. राज्याच्या कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्र नावाचा विषय आहे. मागची कल्पना फार सुंदर: मुलानं रोजच्या जगण्यात पाहिलेला एखादा प्रसंग आठवून काढावा. त्याची तयारी काय? बाजारात मिळणारं मार्गदर्शक आणायचं आणि त्यातला भाजीबाजार, बसथांबा, पावसातला रस्ता घोकून ठेवायचा. परीक्षेत आठवतं ते मार्गदर्शकाचं पान.

एकदा वर्गातल्या सगळ्या मुलांचे ‘भाजीबाजार’ मी भिंतीवर ओळीनं लावले. जवळजवळ प्रत्येक चित्रात तीन त्रिकोणी ढीग, डोक्यावर पदर घेतलेली बाई आणि तिच्या उंचावलेल्या हातात लोंबती तागडी. मी विचारलं, “अशी हातात तागडी धरून तोलणारी बाई तुमच्यापैकी कुणी पाहिलीय?” दोघांनी हात वर केला. दोघांनीही ती आजोळी पाहिली होती. बाकीच्यांच्या चित्रांत ती कुठून आली हे त्यांनाही सांगता येईना.

त्यातल्या आठवीतल्या एका मुलाला मी एक वही दिली आणि बुधवारी गंगेवर जायला सांगितलं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि घाटावर बुधवारचा बाजार भरतो. पहिल्या बुधवारी वही कोरी आली. “सर, सगळे हलतात. काढणार कसं?” दुसऱ्या बुधवारी एक छत्री आली, दांडा दोन दगडांच्या बेचक्यात दाबलेली. तिसऱ्यांदा उपड्या क्रेटवरचा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि मोबाईलवरून पैसे घ्यायची ठिपक्याठिपक्यांची पाटी, मिरच्यांच्या ढिगात खोचून उभी केलेली. मग एका पानावर नुसते हात, सुतळीचं टोक दातांत धरून मेथीची जुडी आवळणाऱ्या मावशींचे. मावशी त्याला ओळखायला लागल्या होत्या. “आज माझं तोंड काढशील का रे, का नुसते हातच?” असं विचारत.

दीड-दोन महिन्यांनी वही दप्तरात ठेवायला लावून मी त्याला आठवणीतून बाजार काढायला सांगितला. माणसं वेडीवाकडी आली. एका बाईचा हात गुडघ्याच्या खाली पोचला होता. पण तो बाजार नाशिकचा होता, आणि त्यानं पाहिलेला होता. परीक्षेत त्याला कोणती श्रेणी मिळाली हे मी मुद्दाम सांगत नाही. ‘ए’ मिळाली म्हणालो तर पालक उद्या वही आणतील आणि परवा वहीचं मार्गदर्शक शोधायला निघतील.

गुडघ्याखाली पोचलेल्या त्या हातावर सर बोट ठेवतील, आणि ते बरोबरच असेल. वही हाताला प्रमाण शिकवत नाही. फार तर प्रमाण चुकलंय हे दाखवते. ते कसं सावरायचं, पेन्सिल कशी आडवी धरून मापं घ्यायची, छाया-प्रकाशाचे टप्पे कसे बांधायचे, हे जाणत्या माणसाकडून चार दिवसांत मिळतं आणि एकट्यानं शोधायला चार वर्षं लागतात. आणखी एक कबुली देतो. मोबाईलमधल्या कार्टूनचे तेच टपोरे डोळे वहीत तीनशे वेळा गिरवणारी मुलं मीही पाहिली आहेत. त्यांचा हात खरोखरच अडकतो. समोर वस्तूच नसते, तेव्हा जाब विचारायला कुणी उरत नाही. अशा वहीबद्दल सर बोलत असतील तर आमचा वाद नाही.

माझा वाद सरांच्या एकाच शब्दाशी आहे, ‘आधी’. कित्ता आधी, कीर्द नंतर, हा क्रम कुणी ठरवला? व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या मुलखात राहत असताना. त्यानं काय केलं? शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या अभ्यासक्रमातली पानं मागवून ती निष्ठेनं गिरवली. सरांना आवडेल असाच कित्ता. पण त्याच काळात तो दारासमोरून कामावर जाणारे खाणकामगारही काढत होता, अवघडलेले, लाकडी, चुकलेले. बार्ग पुरा होईपर्यंत खाणकामगारांनी थांबावं असं त्याला वाटलं नाही. सकाळच्या कित्त्यातली रेघ संध्याकाळी माणसावर वापरून बघायची आणि फसली की पुन्हा कित्त्याकडे यायचं, अशी ये-जा असली तरच कित्त्याला अर्थ. बोबडं बोलणाऱ्या पोराला आपण ‘आधी व्याकरण शीक’ म्हणून गप्प बसवत नाही. बसवलं तर ते व्याकरण शिकेल, पण त्याला बोलायचं काय असतं ते विसरून जाईल.

शिवाय हे ‘नंतर’ येतं कधी? पाया पक्का व्हायची वाट पाहणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. दहावीपर्यंत वाट पाहिली, मग बारावी आली, मग प्रवेश परीक्षा. पाया झाला, त्यावर घर काही उभं राहिलं नाही.

आता मिरवण्याविषयी. वहीचं एकेक पान उलटत तिचा व्हिडिओ करायचा, प्रत्येक पान सजवलेलं, एकही रेघ चुकलेली नाही, हा प्रकार आहे खरा. त्याचा तोटाही आहे: नवशिक्याला वाटतं, वही अशीच असते, आणि आपली तशी नाही म्हणून तो ती मिटून ठेवतो. पण ही तर बांधलेली खतावणीच, कीर्दीचं नाव लावलेली. इंग्रज चित्रकार टर्नर १८५१ साली वारला तेव्हा त्याच्या मागे सुमारे तीनशे स्केचबुकं निघाली. ती आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहेत. त्यांतल्या कित्येक पानांवर डोंगराची एक कड आणि ढगाच्या दोन रेघा, एवढंच. ज्या माणसाची चित्रं राजेरजवाडे बघायला येत त्यानं ही पानं कुणाला दाखवण्यासाठी भरली नव्हती. चुकीच्या कारणासाठी कुणी वही बाळगतं म्हणून वहीच नको म्हणणं, हे ढोंगी माणूस देवळात जातो म्हणून देवळाला कुलूप लावण्यासारखं झालं. आणि नाशकात तर हे शोभतच नाही. जागेवर बसून निसर्गचित्र करणाऱ्यांची इथं परंपरा आहे. शिवाजी तुपे हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. त्या गावातल्या पोरांना चार भिंतींत कोंडून घाट फोटोवरून रंगवायला लावायचा?

फोटोचं नाव निघालंच आहे, तर कॅमेऱ्याच्या बाजूनं साक्ष द्यायला आपल्याच मातीतला माणूस बोलावू. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशकात गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. कॅमेरा हाती येण्याच्या कितीतरी आधी, १८८५ साली, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. १९१२ साली लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा आल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, त्यांनी काय टिपलं? कुंडीत पेरलेला वाटाणा. महिनाभराहून अधिक काळ, त्याच जागेवरून, एकेक चौकट. ‘अंकुराची वाढ’ या नावानं तो इवलासा चित्रपट ओळखला जातो, आणि तो पाहूनच भांडवल द्यायला माणूस तयार झाला. त्या काळातलं सगळ्यात नवं यंत्र हातात असताना फाळक्यांनी त्याच्याकडून करून घेतलं ते कीर्द लिहिण्याचंच काम. तेच रोप, रोज, न चुकता.

आपण फोनचं काय करतो? बटण दाबतो आणि वळतो. लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. संग्रहालयात नेलेल्या लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. गंमत म्हणजे, ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढायला लावलं होतं त्यांची आठवण अशी घटली नाही. दोष यंत्राचा नाही, बघणं उरकून टाकण्याचा. वहीत ते उरकता येत नाही. काट्याखालच्या क्रेटला फळ्या किती हे ठाऊक नसेल तर हात तिथं थांबतो, आणि मान वर करून पुन्हा पाहावंच लागतं. मुलानं फोटो खुशाल काढावेत. फक्त फोटोला पाहिल्याची पावती समजू नये.

राहिल्या जिन्यावरच्या आई. त्यांची तक्रार सरांच्या तक्रारीपेक्षा खरी आहे, कारण वह्यांना पैसे पडतात. जाड कागदाची, कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन दिली की घरचे प्रत्येक पानाकडे डोळे लावून बसतात, आणि मग मूल पान ‘खराब’ करायला घाबरतं. अशी वही नवशिक्याला देऊच नये. घरातले, दुकानातले, ऑफिसातले पाठकोरे कागद गोळा करा, मधोमध दुमडा, दाभणानं दोन भोकं पाडून दोरा ओवा. झाली वही. सोबत साधं बॉलपेन. खोडरबर घरी राहू द्या. नियम तीनच: पान फाडायचं नाही, चुकलेलं खोडायचं नाही, आणि कोपऱ्यात तारीख व जागा लिहायची. रोज दहा मिनिटं. पान चांगलं आलं का, असं विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, आज काय दिसलं?

त्या आठवीतल्या मुलाला नंतर मी फाळक्यांचा वाटाणा दिला, म्हणजे एकच विषय पुन्हा पुन्हा काढायचा. विषय त्यानंच निवडला, दुतोंड्या मारुती. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात उभा असलेला हा मारुती नाशिककरांचं पूर मोजायचं माप आहे. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, यावर गावभर चर्चा चालते. पुढेही तोंड, मागेही तोंड, त्यामुळे एका बैठकीत तो पुरा होतच नाही, उठून पलीकडे जावं लागतं. माघात त्याच्या पायाशी वाळत घातलेले कपडे आले, वैशाखात सावलीत झोपलेलं कुत्रं, आषाढात घोट्याला लागलेलं पाणी. बारा-तेरा पानं झाली.

मग पूर आला. बाजाराचे ओटे, देवळांच्या पायऱ्या, सगळं गढूळ पाण्याखाली. वरच्या रस्त्यावर सारं गाव फोन उंच धरून उभं होतं. त्या दिवशीच्या हजारो फोटोंत मातकट पाणी आहे. याच्या वहीतही पाणीच होतं, बॉलपेनच्या आडव्या, घाईघाईच्या रेघा. फक्त मधे एका जागी त्यानं ठिपक्याठिपक्यांनी एक आकृती काढली होती, खांदे, गदा, दोन्हीकडची तोंडं.

“दिसत होता का रे?”

“नाही सर. पूर्ण आत होता. पण त्या देवळाच्या कोपऱ्याच्या आणि ह्या खांबाच्या मधेच असतो तो. एवढाच उंच.”

मार्गदर्शकात न सापडणारं स्मरणचित्र ते हे. ठिपके हललेले आहेत, गदा आखूड झालीय, खांद्यांचं प्रमाण गेलेलं आहे. हे पान मला सरांना दाखवायचं आहे. रेघ त्यांनी दुरुस्त करून द्यावी, त्यासाठी त्यांच्यापेक्षा चांगला माणूस गावात नाही. मारुती कुठं उभा आहे, ते पोराला ठाऊक आहे.